मकावची शाल: आधी अँटिकवाल्याकडे न्यावी की कॉन्झर्व्हेटरकडे?

घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीसाठी मालमत्तेची किमतींसह यादी, निघाली की भाट (बागायत), घर, दागिने यांचे आकडे कसेबसे जमतात. घोडं अडतं ते पेटीच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांत पडून राहिलेल्या कापडापाशी. गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या घरात ती माझ्या पणजीआजीची शाल होती: हस्तिदंती रंगाचं रेशीम, त्यावर लाल-जांभळी फुलं, दोन पक्षी आणि भोवती गाठी मारलेली लांब झालर. घरात सगळे तिला ‘मकावची शाल’ म्हणत; मकाव म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरचं जुनं पोर्तुगीज ठाणं. ती आम्ही आधी अँटिकवाल्याला दाखवली आणि नंतर वस्त्रांच्या कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे जुनं कापड जपणाऱ्या तज्ज्ञाला. तुमच्याकडेही असं काही असेल, तर क्रम कोणता ठेवावा याबद्दल माझा अनुभव सांगतो.

अँटिकवाल्याची बाजू मोकळेपणाने मांडायला हवी. तो फोन केल्यावर दोन दिवसांत घरी आला, पैसे घेतले नाहीत आणि वीस मिनिटांत आकडा सांगितला. कोणत्या शालीला गिऱ्हाईक आहे, मोठी फुलं का चालतात, झालर तुटली की भाव किती पडतो, हे त्याला तोंडपाठ होतं. अशी माहिती पुस्तकात मिळत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवावं, की तो सांगतो ती त्याची खरेदीची किंमत, पुढचा नफा वजा करून. विकायचंच ठरलं असेल आणि घाई असेल, तर त्यात गैर काही नाही.

माझं मन फिरलं ते एका छोट्या गोष्टीने. रंग पक्का आहे का ते बघायला त्याने बाटलीतल्या पाण्याने रुमालाचं टोक भिजवलं आणि लाल पाकळीवर चोळलं. मी ‘अहो, थांबा’ म्हणेपर्यंत झालं होतं. पाकळीच्या कडेला हस्तिदंती रेशमावर चण्याएवढी गुलाबी छटा उतरली. तो म्हणाला, ‘ड्रायक्लीन करून आणा, जाईल. मग इस्त्री करून फोटो काढू, भाव वाढेल.’ आत्या शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त शाल ओढून मांडीवर घेतली. पणजीआजीच्या काळापासून किती पावसाळे या शालीने काढले असतील, गोव्याची दमट हवा आणि कसर यांतूनही ती वाचली होती. डाग पडला तो आमच्याच बैठकीत, आमच्या डोळ्यांदेखत. त्या माणसाच्या मनात वाईट नव्हतं, हे मी मानतो. पण त्याच्या लेखी ती विकायची वस्तू होती, आणि विकायची वस्तू आधी स्वच्छ करायची असते.

जुन्या चर्चमधल्या वस्त्रांच्या कामासाठी गोव्यात येणाऱ्या कॉन्झर्व्हेटर बाई त्यानंतर पाच आठवड्यांनी भेटल्या. उशीर झाला आणि फीही द्यावी लागली. त्यांनी हात धुऊन कोरडे केले, टेबलावर धुतलेली मलमल अंथरली आणि सर्वांत आधी शालीची मागची बाजू बघितली. फुलं दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी होती, दोरा संपवताना मारलेली गाठ कुठे दिसत नव्हती. न पिळलेला रेशमी दोरा, लांब सॅटिन टाका (शेजारी शेजारी घातलेले सपाट, चकचकीत टाके). मशीनच्या भरतकामात पाठीमागे खालच्या दोऱ्याची वेगळी रेघ दिसते, ती इथे नव्हती. फुलांच्या मधोमध इवल्या गाठींचा टाका होता. पारशी घरांत त्याला खाका म्हणतात. अँटिकवाल्याने याच टाक्याची, तो डोळे जातात म्हणून चीनमध्ये बंदी घातलेला टाका, अशी गोष्ट सांगितली होती. बाईंच्या मते ती बाजारात पसरलेली दंतकथा आहे. जांभळ्या रंगावर त्या बराच वेळ थांबल्या. पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ मध्ये निघाला, आणि ही छटा तशी वाटते, म्हणजे शाल दोनशे वर्षांची आहे ही घरगुती कथा बहुधा टिकत नाही. नुसत्या नजरेने ठाम सांगता येणार नाही, हेही त्यांनी लिहून दिलं. त्यांच्या अंदाजाने शाल दक्षिण चीनमधल्या कँटन शहराच्या कारागिरांनी निर्यातीसाठी भरलेली, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. आणि ‘मकावची’ हेही खोटं नाही. कँटनचा माल मकावच्या बंदरातूनही निघे, आणि १८४४ पर्यंत मकावचा कारभारच गोव्याच्या हाताखाली होता.

किंमत मात्र त्यांनी सांगितली नाही. त्यांच्या दोन पानी टिपणावरून वेगळ्या व्हॅल्युअरने, म्हणजे किंमत ठरवणाऱ्या माणसाने, आकडा काढला. तो अँटिकवाल्याच्या साधारण दीडपट आला. डोळे विस्फारावेत इतका नाही. पण त्यावर तारीख आणि सही होती, म्हणून तो इन्व्हेंटरीच्या कागदांत लागला आणि भावंडांत वाद झाला नाही. लिस्बनचे नातेवाईक तिथले युरोतले भाव पाठवत होते. ते बाजूला ठेवावे लागले, कारण १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि हो, पुरावस्तूंच्या धंद्याला त्याच कायद्याखाली परवाना लागतो. तो विचारायला संकोच करू नये.

शाल लवकर विकायची असेल, मनात गुंता नसेल, तर अँटिकवाल्याकडे थेट जाणं चूक म्हणवत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर आधी कॉन्झर्व्हेटर, हातात टिपण, मग हवं तर बाजार. कोणीही आलं तरी कापडाला पाणी लावू देऊ नका, ड्रायक्लीनही नको. वेळ असेल तर जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठातल्या म्युझियम ऑफ ख्रिश्चन आर्टमध्ये भरतकाम केलेली चर्चची वस्त्रं शांतपणे बघून या, टाके ओळखायची नजर बसते.

आमची शाल आत्याने आपल्या वाट्याला घेतली. आता ती घडी न घालता मलमलीत गुंडाळून नळीवर ठेवली आहे. टिपणाच्या दुसऱ्या पानावर ‘सद्यस्थिती’खाली पाचवी ओळ आहे: लाल पाकळीच्या कडेला ओलाव्याने उतरलेला रंग, अलीकडचा.