नवं पान हिरवं का आलं?

रस्त्याकडेच्या टेम्पोतून शोभेची झाडं घेणार असाल तर हे वाचून मग जा. पावसाळ्याच्या तोंडावर सांगलीत शंभर फुटी रोडला असाच एक टेम्पो लागला होता. खालच्या फळीवर नेहमीचे मनीप्लांट, स्नेक प्लांट. वर, नजरेत भरेल असा खास माल: लाल फूल आलेला बारका कॅक्टस, गडद निळी एचेवेरिया (गुलाबाच्या फुलासारखी जाड पानांची रचना असलेलं छोटं झाड) आणि पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं एकच जाड पान लावलेली कुंडी. "काकू, बेंगलोरचा माल आहे, सांगलीत कुठं मिळायचा नाही." तिन्हीचे मिळून नऊशे घेतले, तेही घासाघीस करून.

कॅक्टसच्या फुलानं तर अख्ख्या घराला गंडवलं. ऊन पडलं की पाकळ्या उघडायच्या, पावसाची झड लागली की मिटायच्या. सासूबाई येईल त्याला कौतुकानं दाखवायच्या. पण कॅक्टसचं फूल फार तर काही दिवस टिकतं, हे महिना उलटला तरी तस्संच. शेवटी मिरजेच्या ओळखीच्या नर्सरीवाल्या मामांनी फुलाखाली नख घालून ते टक्कन उचकटलं. खाली गमचा पारदर्शक गोळा, त्याखाली कॅक्टसची साल भाजल्यासारखी तपकिरी. गम गरम करून चिकटवलेलं वाळकं स्ट्रॉफ्लॉवर होतं ते. या फुलाच्या कागदी पाकळ्या वाळल्यावरही दमट हवेत मिटतात आणि कोरड्या हवेत उघडतात. म्हणजे फूल कधीचं मेलेलं, उघडझाप मात्र चालू!

एचेवेरियाचं बिंग तिनं स्वतःच फोडलं. मधून येणारी नवी पानं हिरवीगार, बाहेरची निळी. स्प्रेचा रंग होता. भरपूर ऊन आणि थंडी मिळाली की एचेवेरियाच्या कडा गुलाबी होतात, काही जातींवर निळसर पांढरी भुकटीही असते, पण शाईसारखी निळी एचेवेरिया नसते. रंगाच्या थरानं पानाला उजेड कमी पोचतो, श्वासाची छिद्रंही बुजतात. घेताना पान हलकेच वाकवून बुडाशी बघा, तिथं स्प्रे पोचत नाही. कुंडीच्या काठावर आणि खड्यांवर शिंतोडे दिसतात. खडे बोटानं हलवूनही बघा. आमचे गमनं एकसंध चिकटवलेले निघाले, माती ओली की कोरडी तेच कळेना. सक्युलंटला, म्हणजे असल्या जाड रसाळ पानांच्या झाडाला, माती पूर्ण वाळल्यावरच पाणी द्यायचं असतं, त्यामुळं असली कुंडी म्हणजे मुळं कुजायला आमंत्रण.

बदामाचं पान होया केरी नावाच्या वेलाचं. ते खरंच होयाचं असतं, मुळंही धरतं, वर्षानुवर्षं हिरवं राहतं. पण देठाला खोडाचा तुकडा नसेल तर वेल फुटत नाही. आपल्याकडं शेतकऱ्याला हे सांगायला नको, डोळा नसलेली उसाची कांडी कुणी लावतं का? शोभेला एक पान हवं असेल तर खुशाल घ्या, पण वेलाचा भाव देऊ नका. गुलाबी पानांचा पिंक काँगो फिलोडेंड्रॉनही मामांनी टाळायला सांगितला. त्याचा गुलाबी रंग रसायनानं आणलेला असतो, काही महिन्यांत पानं हिरवी येऊ लागतात.

पैसे मागायला गेले तर टेम्पोवाला म्हणाला, "काकू, झाड जिवंत आहे न्हवं?" परवा तो तासगाव रोडला दिसला. आता जांभळा रंग मारलाय.