गंगापूर धरणावर आधी बोट, मग मासे (आणि सुरमई का मागवू नये)

पहिलंच सांगतो, रीलमध्ये दाखवतात तसं बोटीत बसलो आणि थेट हॉटेलच्या पायरीला उतरलो असं काही नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर होत नाही. बोट क्लबला तिकीट काढायचं, लाईफ जॅकेट चढवायचं, बॅकवॉटरमधे चक्कर मारून परत त्याच जेट्टीला यायचं आणि मग गाडी काढून धरणाच्या बाजूला पाण्याजवळ जी मच्छीची हॉटेलं आहेत त्यातल्या एकात जेवायला बसायचं. पण हे दोन्ही एकाच संध्याकाळी जमवलं ना, तर कॉलेज रोडला एसीत बसून पनीर टिक्का खाण्यापेक्षा कधीही भारी.

टायमिंग महत्त्वाचं. अंधार पडला की बोटी बंद, त्यामुळे थंडीच्या दिवसात साडेचारपर्यंत तिथे असलेलं बरं, रविवारी तर अजून लवकर निघा. आमची आई जेट्टीवरच "मी बसते इथे, तुम्ही या जाऊन" करत होती, बोटवाला म्हणाला "मावशी, मधल्या सीटवर बसा, काही होत नाही" आणि हात देऊन बसवलंच, नंतर बोट वळली तशी तीच ओरडायला लागली अजून जोरात घ्या म्हणून! ऊन कललं की पाणी एकदम तांब्यासारखं दिसतं, पण वारं असं झोंबतं की स्वेटर नसेल तर दात वाजतात. पावसाळा संपल्यापासून जानेवारीपर्यंत जा, एप्रिल-मेमधे पाणी पार मागे सरकलेलं असतं आणि काठाला नुसत्या भेगा. आणि हो, हेच पाणी आपल्या नळाला येतं, तेव्हा वेफर्सची पाकिटं त्यात भिरकावणाऱ्यांना काय बोलावं.

आता जेवण. हॉटेलचं नाव टाकत नाही कारण थोडं वाकडं पण लिहायचंय. बाहेर बोर्डावर सुरमई, पापलेट, बोंबील सगळं मोठ्या अक्षरात, धरणातला मासा मात्र खाली कोपऱ्यात. खरं तर उलटं पाहिजे. सुरमई इथे मुंबईकडून बर्फात येते, घाट चढून, आणि जून-जुलैमधे तर आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद असते, तेव्हा ती कुठली आणि कधीची ते विचारूच नका. आम्ही एक प्लेट मागवली भावाच्या हट्टापायी, मसाला चांगला होता पण मासा आतून भुसभुशीत, कोरडा, फ्रीजरमधे राहिलेला कळतोच. त्या प्लेटचे पैसे जीवावर आले.

धरणातली चिलापी (तिलापिया) मात्र कडक! काउंटरवर आख्खा मासा दाखवतात, तुम्ही स्वतः कल्ला उचलून बघा, लालभडक पाहिजे, डोळा वर आलेला पाहिजे, बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. मग वजन करून तुमच्यासमोर साफ करतात. कटला किंवा राहू घेणार असाल तर "बारीक चिरा मारा" हे आवर्जून सांगा, या माशांच्या मांसात दोन फाट्यांचे बारीक काटे असतात, दाट चिरा मारून कडक तळला की ते काटे तुटून कुरकुरीत होतात आणि घशाला त्रास देत नाहीत. चिरा न मारलेला तुकडा लहान मुलांना देऊ नका प्लीज. काट्यांची कटकटच नको असेल आणि मिळाली तर मरळ घ्या, महाग पडते पण मधला काटा काढला की जवळपास नुसतं मांस.

रस्सा म्हणजे आपला काळ्या मसाल्याचा, भाजलेला कांदा, सुकं खोबरं, भरपूर लसूण. कोकणातल्या लोकांना हे पटणार नाही, ना कोकम ना ओलं नारळ, माझी बायको मालवणची आहे, तिने पहिल्या वाटीला तोंड वाकडं केलं आणि दुसरी वाटी न विचारता संपवली. कटल्याचं डोकं रश्शात टाकायला सांगा, सगळी चव तिथे आहे. सोबत बाजरीची भाकरी, चुलीवरची, एका बाजूला थोडी करपलेली, भात मागवायची गरजच पडली नाही.

सर्व्हिस स्लो आहे, ऑर्डर दिल्यावर पाऊण तास नुसता कांदा खात बसलो. मासा समोर कापून करतात म्हटल्यावर तेवढा वेळ मी सोडून देतो, पण पाणी तीनदा मागावं लागलं ते नाही चालत. पाण्याकडचं टेबल मागून घ्या पण डासांचं मलम लावून जा. बिल यायच्या आधी मासा किती वजनाचा धरलाय ते कच्च्या पावतीवर बघा, आमच्यात साफ करायच्या आधीचंच वजन होतं, तसंच असतं सगळीकडे, पण दर किलोचा सांगितलाय की प्लेटचा हे आधीच विचारलेलं बरं. परतीच्या रस्त्याला काही ठिकाणी दिवे नाहीत आणि कुत्री मधेच येतात, टू-व्हीलरवाल्यांनी हळू या.

चिलापी आणि रश्शाला पाचपैकी साडेचार, सुरमईला एक, तोही मसाल्याचा.