वागळे इस्टेटमधल्या नळ्या: पोलाद चोख, टोपणे कच्ची

ठाण्यातील वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा लेथ वर्कशॉपमधून आम्ही ओएसएल (ऑप्टिकली स्टिम्युलेटेड ल्युमिनेसन्स) कालमापनाचे, म्हणजे गाळाचे वय काढण्याचे, नमुने घेण्यासाठी बारा स्टेनलेस स्टीलच्या नळ्या करून घेतल्या. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या आणि उल्हास नदीकाठचा गाळ, अशा दोन्ही ठिकाणी त्या वापरून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

वाळूच्या कणाने शेवटचे ऊन कधी पाहिले, हे या पद्धतीने कळते. कण गाडला गेल्यावर भोवतालचे युरेनियम, थोरियम, पोटॅशियम आणि वैश्विक किरण यांच्यामुळे वाळूतल्या क्वार्ट्झ या खनिजात ऊर्जा साठत जाते. प्रयोगशाळेत मोजलेल्या त्या साठ्याच्या मात्रेला वर्षाला मिळणाऱ्या मात्रेने भागले की वय निघते. हा साठा भर उन्हात मिनिटभरातही जवळजवळ पुसला जात असल्यामुळे नळीने अंधार राखणे, हीच तिची खरी परीक्षा ठरते.

तीन मिलिमीटर जाडीच्या नळीला बाहेरून दिलेली धार उत्तम आहे. उल्हासच्या चिकट गाळात घणाचे पुष्कळ घाव बसूनही ती दुमडली नाही. मागचे तोंड मात्र घावांनी किंचित फाकले आणि टोपण बसेना. टेकडीवर अडचण निराळी आली. सैल वाळूने नळी पूर्ण भरली नाही आणि टोपण उथळ असल्याने आत पोकळी राहिली. प्रवासात वाळू हलली, तर उजेड लागलेले टोकाचे कण मधल्या कणांत मिसळतात आणि नमुना वाया जातो. शिवाय ओल उडाली, तर मात्रेचा हिशेबही चुकतो, कारण पाणी काही किरणोत्सार शोषून घेते. आम्ही काळे प्लास्टिक कोंबून वेळ निभावली.

उल्हासच्या नमुन्यांचे वय नीट निघाले नाही किंवा जास्त आले, तर त्याचा दोष कोणी वर्कशॉपला देऊ नये. ते खोरे बेसाल्टचे असल्याने क्वार्ट्झ तुटपुंजे मिळते, आणि पुराच्या गढूळ पाण्यात कणांना पुरेसे ऊन न लागल्याने जुना साठा पुरता पुसला जात नाही.

मालकांनी तक्रार शांतपणे ऐकली, वाळूलाही वय असते याचे नवल केले आणि आत सरकणारी खोल टोपणे पैसे न घेता करून दिली. नवीन मागणी देणाऱ्यांनी तीच टोपणे आणि मागच्या तोंडाला जाड कडे आधीच सांगून ठेवावे.