हँड कंट्रोल बसवायचंय: लेथवाल्याकडून की मान्यतेच्या किटवाल्याकडून?

पायात ताकद नसलेल्या माणसाला कार हाताने चालवायची झाली की नाशिकात दोन रस्ते दिसतात. अंबड-सातपूर पट्ट्यात लेथ आणि वेल्डिंगमध्ये मुरलेले कारागीर आहेत; सकाळी गाडी दिली तर संध्याकाळी लिव्हर बसवून देणारा कुणीतरी भेटतोच. दुसरा रस्ता म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता असलेलं किट आणि ते बसवणारा किटवाल्याचाच माणूस. पहिला स्वस्त आणि जवळचा. तरी कारसाठी आमचं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे आणि त्यात कारागिराच्या हाताला नावं ठेवण्याचा हेतू नाही.

अडचण कायद्याच्या रचनेत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, पण दिव्यांगासाठी ‘अनुकूलित वाहन’ करायचं असेल तर आधी बदल करून नंतर आरटीओची मंजुरी घेण्याची मुभा आहे. अट एकच, बदल केंद्राने ठरवलेल्या शर्तींत बसला पाहिजे. नाही बसला तर कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. त्याच कलमात उत्पादक, आयातदार आणि डीलर यांच्यासाठी वाहनामागे १ लाखाचा दंड आहे, पण कोपऱ्यावरचं गॅरेज या तिन्ही शब्दांत सहज बसत नाही. म्हणजे काम लेथवाल्याचं, जबाब द्यायचा तुम्ही. किटवाल्याकडे निदान मान्यतेचा कागद असतो आणि तो पासिंगच्या वेळी दाखवता येतो.

अमेरिकेत अशा गॅरेजांना पहिली गाडी बदलल्यापासून ३० दिवसांत सरकारकडे नाव कळवावं लागतं, गाडीवर कायमचं लेबल लावावं लागतं आणि वजन पेलण्याची क्षमता १०० किलोहून जास्त घटली तर तेही लिहून द्यावं लागतं. आपण कुणाकडेही गेलो तरी असाच एक कागद मागून घ्यावा: काय कापलं, काय जोडलं, कुठे भोक पाडलं, तारीख, सही, शिक्का.

आता प्रत्यक्ष लिव्हरकडे. साधी रचना अशी: स्टीअरिंगखाली एक लिव्हर, त्यातून दोन रॉड, एक ब्रेक पेडलला आणि एक अ‍ॅक्सिलरेटरला. पुढे ढकललं की ब्रेक, ओढलं किंवा खाली दाबलं की वेग. चांगल्या किटमध्ये रॉड पेडलच्या दांडीला क्लॅम्पने धरलेला असतो, म्हणून घरातला दुसरा माणूस तीच गाडी पायाने चालवू शकतो. वेल्डिंग झालं असेल तर गाडी परत करा. ब्रेक पेडलच्या दांडीला उष्णता लागली की त्या जागी लोखंड कमकुवत होतं आणि तडा जातो तो नेमका जोराने ब्रेक दाबताना. दुसरी नेहमीची चूक नटाची असते. साधा नट कंपनाने सैल होतो, तिथे नायलॉनचं कडं असलेला लॉकनटच हवा.

ताब्यात घेण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून लिव्हर चार-पाच वेळा ढकला, म्हणजे ब्रेकला जोर पुरवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल कडक होईल. आता पूर्ण जोर लावून ढकला. पेडलचा प्रवास संपायच्या आधी लिव्हर डॅशबोर्डला टेकला किंवा रॉड वाकला, तर काम फेल. मागचा ब्रेकलाइट लागतो का, ब्रेक दाबताना अ‍ॅक्सिलरेटर आपोआप सुटतो का, मॅट रॉडखाली अडकते का, हेही तिथेच बघा. गुडघ्याजवळ एअरबॅग असलेल्या गाडीत तिच्यासमोर लिव्हर धरणारा कंस येता कामा नये. पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना, म्हणजे एअरबॅगच्या जोडणीला, कुणी हात लावला असेल तर ते काम नाकारा.

गिअरची गाडी घ्यायचीच असेल तर क्लच दाबून देणारा, व्हॅक्यूमवर चालणारा सर्वो आणि गिअरच्या मुठीवर बटण लागतं. नळी जरा गळली की क्लच अर्धवट सुटतो आणि गिअर करकरतो. ऑटोमॅटिकमध्ये ही कटकटच नाही. मात्र एएमटीत, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्राने चालवणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, चढावर गाडी मागे येते: लिव्हरवरचा हात ब्रेक सोडून वेगाकडे जाईपर्यंत, दुसरा स्टीअरिंगवर, मग हँडब्रेकला तिसरा हात कुठून आणायचा? ब्रेक सोडल्यावरही चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारं हिल होल्ड असलेलीच घ्या. कसारा घाट उतरताना लिव्हर सतत दाबून मनगट भरून येतं. मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर टाकला की सुटका होते.

कारऐवजी स्कूटर घेऊन तिला मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं जोडायची असतील, तर त्यांचं गणित वेगळं आहे. मधलं मूळ चाक तसंच राहतं आणि मागचा ब्रेक अनेक जोडण्यांत त्याच चाकावर असतो. खड्ड्यात बाजूच्या चाकांनी भार उचलला की मधलं चाक हवेत फिरतं, ब्रेकही गेला. म्हणून बाजूच्या चाकांना स्प्रिंग हवेच, नुसता वेल्ड केलेला दांडा नको. शिवाय गाडी वळणावर झुकत नाही, त्यामुळे वेगात बाहेर कलंडते.

कागदांची क्रमवारी चुकली की हेलपाटे होतात. कर्ज असेल तर आधी बँकेची लेखी संमती. मग बदल, आणि बदलानंतर १४ दिवसांत पेठ रोडच्या आरटीओत कळवणं. सोबत आरसी, किटचा मान्यतेचा कागद, बिल आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ठेवा. दिव्यांगांच्या वाहनांच्या किटवर १ ऑक्टोबर २०२१ पासून ५ टक्के जीएसटी आहे, बिलात १८ दिसले तर तिथेच हटकावं. उलट गाडीवरच्या जीएसटी सवलतीला पूर्वीसारखी किंमत उरलेली नाही, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या छोट्या गाड्या सगळ्यांनाच १८ टक्क्यांत आहेत.

आरसीवर नोंद झाली की लगेच विमा कंपनीला प्रत द्या. ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात ५० टक्के सूट या नोंदीवरच मिळते. पॉलिसी चालू असताना कळवलं नाही, तर अपघातानंतर सर्व्हेअर पहिला प्रश्न या लिव्हरबद्दलच विचारील. आणि पहिल्या ५०० किलोमीटरनंतर गाडी त्याच माणसाकडे नेऊन सगळे लॉकनट पान्याने तपासून घ्या. लेथवाला असो की किटवाला, हे करायला जो नाही म्हणेल त्याच्याकडे काम देऊच नये.