सुट्टीत जंगलासाठी काही करायचंय? मे महिन्यातलं मचाण की दिवाळीतलं श्रमदान

दोन्ही केलंय म्हणून सांगते, कारण एकच सुट्टी हातात असली की नक्की कुठे जायचं ते कळत नाही.

बुद्धपौर्णिमेला मेळघाट, ताडोबा वगैरे ठिकाणी पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसतात, सोबत गाइड किंवा वनरक्षक असतो, संध्याकाळपासून सकाळपर्यंत जे जनावर येईल ते कागदावर लिहायचं. मेळघाटात मला रात्री अडीचला अस्वल दिसलं, आधी चांदण्यात नुसता काळा गोळा, मग पाणी पितानाचा चपचप आवाज, तो अजून कानात आहे. पण वाघांची खरी मोजणी आता दर 4 वर्षांनी कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावून होते, पाणवठ्यावर एकच जनावर दोनदा मोजलं जाऊ शकतं, म्हणून वनखातंही याला हल्ली निसर्ग अनुभव म्हणतं. म्हणजे यात मिळतं ते आपल्यालाच. फी असते, बुकिंग पटकन संपतं, विदर्भातलं ऊन वेगळं, आणि लहान पोरं असतील तर विचारच करू नका.

दिवाळीत मात्र ओढे अजून वाहते असतात आणि वनराई बंधाऱ्याला, म्हणजे ओढ्याचं पाणी अडवणाऱ्या गोण्यांच्या कच्च्या बांधाला, माणसं हवीच असतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, गच्च नाही, थोडी जागा ठेवून, म्हणजे गोणी नीट बसते, सुतळीने तोंड शिवायचं आणि विटांसारखा सांधा चुकवत थर लावायचे, फटीत चिकणमाती. दुपारपर्यंत कंबर धरते पण संध्याकाळी गोण्यांमागे पाणी चढताना दिसतं, आणि पुढचे दोन-तीन महिने ते जनावरांना पुरतं! घाणेरी, म्हणजे जंगलात माजून गवताची जागा खाणारं काटेरी झुडूप, ती काढायचं कामही याच दिवसांत बरं, जमीन ओली असते. नुसती कापली तर दुप्पट फुटते, कुदळीने जमिनीखाली मूळ तोडून झुडूप उलटं टाकायचं, तिथे मग गवत येतं आणि हरणं-सांबरं गवतावर जगतात.

रात्रीचं जंगल कधीच ऐकलं नसेल तर एकदा मचाण कराच. पण घरच्यांसोबत जायचंय, जंगलाला खरंच हातभार लावायचाय, तर माझं मत सरळ दिवाळीला. फक्त आपल्या मनाने जाऊन कुदळ मारू नका, अभयारण्यात परवानगीशिवाय शिरताच येत नाही, महिनाभर आधी तिथल्या आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) ऑफिसला किंवा गावच्या वन समितीला विचारा. आणि हातमोजे चामड्याचे न्या, घाणेरीचे काटे साध्या कापडातून आरपार जातात.