एफवायच्या जीवशास्त्राला ‘बरोबर, चूक, का?’ चाचणी : सात महिन्यांच्या वापरानंतर

जुलैपासून जानेवारीपर्यंत एफवायबीएस्सीच्या वर्गावर एकच चाचणीपद्धत धरून वापरली. सुरू करण्याआधी मला मराठीतून कुणाचा अनुभव वाचायला मिळाला नव्हता, म्हणून माझा लिहिते आहे. मी देवगडच्या बाजूला शिकवते. मुलं बहुतेक मराठी माध्यमातून आलेली. कुणाच्या घरी आंब्याची कलमं, कुणाच्या घरी होडी, काहींकडे दोन्ही.

पद्धत अशी. तीन-चार ओळींचा एक प्रसंग द्यायचा आणि त्याखाली चार विधानं. चारांतून एक निवडायचं नाही, प्रत्येक विधान स्वतंत्रपणे बरोबर की चूक ते ठरवायचं. चारही बरोबर असू शकतात, चारही चूक असू शकतात. मी त्यात दोन रकाने वाढवले. एकात ‘नक्की’ की ‘अंदाज’ ते लिहायचं, दुसऱ्यात एका ओळीत ‘का’.

मूळ कल्पना माझी नाही. भौतिकशास्त्रात १९९२ साली बल या संकल्पनेवर, समज तपासणारी एक चाचणी आली. गणितं अचूक सोडवणाऱ्या मुलांच्या डोक्यातही गतीबद्दल न्यूटनच्या आधीचेच समज असतात, हे तिने उघड केलं. मग जीवशास्त्रवाल्यांनीही हे मनावर घेतलं. १९९५ मध्ये ओडम आणि बॅरो यांनी विसरण-परासरणावर (पदार्थ दाट बाजूकडून विरळ बाजूकडे पसरणं आणि पटलातून पाणी पलीकडे जाणं) बारा दुहेरी प्रश्न केले, आधी उत्तर आणि मग त्याचं कारण. २००२ मध्ये नैसर्गिक निवडीवर वीस प्रश्नांची चाचणी आली, तिच्यातले प्रसंग गालापागोसचे फिंच पक्षी, गप्पी मासे आणि सरडे यांचे. अमेरिकेतल्या २०११ च्या ‘व्हिजन अँड चेंज’ अहवालाने पदवीच्या जीवशास्त्राचा गाभा पाच संकल्पनांत मांडला : उत्क्रांती, रचना आणि कार्य, माहितीचा प्रवाह, ऊर्जा आणि द्रव्याची रूपांतरं, आणि प्रणाली. त्याच पाचांवर बेतलेली ‘जेनबायो-मॅप्स’ ही चाचणी २०१९ मध्ये आली, ती अशा बरोबर-चूक विधानांचीच आहे. मी साचा तेवढा घेतला. प्रश्न स्वतः लिहिले, कारण गालापागोसचा फिंच आमच्या मुलांनी कधी बघितलेला नाही. आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे मात्र त्यांनी जन्मापासून बघितलेत.

तुडतुड्यांपासूनच सांगते, कारण या सात महिन्यांत मला सगळ्यात जास्त त्यांनी शिकवलं.

डिसेंबरात मोहोर आला आणि उत्क्रांतीचा धडाही तेव्हाच आला. प्रसंग लिहिला : एका बागेत सलग काही वर्षं एकच कीटकनाशक फवारलं. सुरुवातीला तुडतुडे मरत, आता बरेचसे वाचतात. विधानं अशी. एक, औषध अंगावर पडल्यामुळे तुडतुड्यांत ते सोसायची ताकद तयार झाली. दोन, पहिल्या फवारणीआधीही काही थोड्या तुडतुड्यांत ही ताकद होती. तीन, वाचलेल्यांच्या पिल्लांत ती ताकद असलेल्यांचं प्रमाण जास्त असतं. चार, बागेतला प्रत्येक तुडतुडा दर वर्षी थोडा थोडा काटक होत गेला.

दोन आणि तीन बरोबर, एक आणि चार चूक. वर्गातल्या बऱ्याच जणांनी दोन आणि तीन बरोबर म्हटलं, आणि एकसुद्धा बरोबर म्हटलं. तेही ‘नक्की’ लिहून. म्हणजे पुस्तकातली नैसर्गिक निवड त्यांना कळली होती आणि बागेतला समजही जागेवर होता. दोन्ही शेजारी शेजारी सुखाने नांदत होते. नेहमीच्या चारपर्यायी प्रश्नात या मुलांनी पुस्तकी पर्यायावर खूण केली असती, मी पूर्ण मार्क दिले असते आणि पुढच्या धड्याकडे वळले असते. आजवर किती बॅचेस अशा पुढे गेल्या असतील, या विचाराने त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं.

‘का’च्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता : सवय. ‘औषधाची सवय झाली.’ एकाने सरळ घरातलं वाक्य लिहिलं होतं, ‘आता ह्यां औषध लागना नाय, तेंका सवय झाली.’ बागायतदार असंच बोलतात आणि व्यवहारापुरतं ते बरोबरही आहे, औषध बदलायला हवं एवढं त्यातून कळतं. पण सवय एकेका जिवाला त्याच्या हयातीत होते. इथे एकेक तुडतुडा बदललेलाच नाही, झुंडीतलं प्रमाण बदललंय. मग माझ्या लक्षात आलं की प्रतिजैविकं शिकवताना मी स्वतः कित्येक वर्षं ‘जंतूंना औषधाची सवय होते’ असंच म्हणत आले आहे. त्या दिवसापासून तो शब्द वर्गात वापरणं बंद केलं. ‘सवय झाली’ ऐवजी ‘सोसणारेच उरले’ म्हणते. वाक्य बदलल्यावर फवारणीच्या वेळापत्रकात दर वेळी वेगळ्या गटाचं औषध का सांगतात, हे एका मुलाने आपणहून उलगडून दाखवलं.

असाच दुसरा शब्द ‘अन्नद्रव्य’. खताच्या पिशवीवर ‘सूक्ष्म अन्नद्रव्ये’ छापलेलं असतं, घरी म्हणतात झाडाला खायला घातलं. मग ‘माडाच्या खोडातला बहुतेक कार्बन मुळांतून, मातीतून आला’ या विधानावर मुलांनी बरोबरची खूण केली तर नवल काय? प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण त्यांना तोंडपाठ आहे. कार्बन डायऑक्साइड हवेतून येतो हेही ती सांगतात. पण हवेसारख्या न दिसणाऱ्या वस्तूतून माडाएवढं जड लाकूड उभं राहतं हे मनाला पटत नाही. इथे मला सतराव्या शतकातल्या फान हेल्मोंट या शास्त्रज्ञाचा जुना प्रयोग कामी आला. त्याने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन १६९ पौंडांच्या वर गेलं आणि माती घटली जेमतेम दोन औंस. १६४८ साली हे छापून आलं. झाड पाण्यापासून बनतं असा त्याने निष्कर्ष काढला, तो अपुरा होता, पण मातीचा हिशेब त्याने कायमचा मिटवला. हे आकडे फळ्यावर लिहून वर्गाला विचारलं, ‘मग बाकीचं वजन आलं कुठून?’ बराच वेळ कुणी बोललं नाही. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. तास संपला, तेव्हा दोन मुली व्हरांड्यात त्यावरून भांडत होत्या.

पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो आणि झाडं फक्त रात्रीच श्वसन करतात, ही दोन विधानं घालायला विसरू नका. दोन्ही चूक आहेत आणि दोन्हींवर मुलं ‘नक्की’ लिहितात.

परासरणाच्या प्रश्नात चूक माझीच निघाली. ऑगस्टात तवशी (पावसाळी काकड्या) निघतात, म्हणून प्रसंग कोशिंबिरीचा घेतला : तवशाच्या फोडींना मीठ लावून ठेवलं, अर्ध्या तासाने पाणी सुटलं. एक विधान होतं, ‘पाणी बाहेर येतं, पण मीठ पेशींच्या आत शिरत नाही.’ माझ्या उत्तरसूचीत ते बरोबर होतं. पेशीपटल पाणी जाऊ देतं, मीठ अडवतं, पाठ्यपुस्तकातलं सरळ उदाहरण. मागच्या बाकावरच्या एका मुलीने ते चूक ठरवलं आणि ‘का’च्या रकान्यात लिहिलं, ‘मग खारातली कैरी आतपर्यंत खारट कशी लागते?’

तिचं बरोबर होतं. चिरतानाच वरच्या थरातल्या पेशी फुटतात, तिथे मीठ थेट जातं. आणि जास्त मिठात जास्त वेळ राहिलं की आतल्या पेशी पाणी गमावून आक्रसतात, शेवटी मरतात. मेलेल्या पेशीचं पटल कुणाला आत घ्यायचं नि कुणाला अडवायचं हे ठरवू शकत नाही, मग मीठ विसरणाने आतपर्यंत पोचतं. म्हणजे पेशीतलं परासरण पटल शाबूत आहे तोवरच. मी ते विधान रद्द केलं, सगळ्यांना त्याचा मार्क दिला आणि पुढचा अख्खा तास खारातल्या कैरीवर घेतला. आता ते विधान असं आहे : ‘जिवंत पेशीचं पटल शाबूत आहे तोवर पाणी ज्या वेगाने बाहेर जातं त्या मानाने मीठ फार कमी आत शिरतं.’ लांबलंय, पण खरं आहे. ‘का’चा रकाना नसता तर मी त्या मुलीचं उत्तर लाल शाईने चूक केलं असतं. तेव्हा वेळ कमी असेल तर विधानं चाराची दोन करा, पण हा रकाना काढू नका.

याच प्रश्नातलं ‘दोन्हीकडचं प्रमाण समान झालं की पाण्याचे रेणू हलायचे थांबतात’ हे विधान सगळ्यांत चिवट ठरलं. समतोल म्हणजे शांत, असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात रेणू दोन्ही बाजूंना जातच असतात, फक्त जेवढे जातात तेवढेच येतात. तीन वेळा वेगवेगळ्या प्रसंगांत विचारलं, तेव्हा कुठे वर्ग हलला.

माहितीच्या प्रवाहासाठी कोयकलम घेतलं. रायवळच्या खुंटावर हापूसची काडी बांधलेली. हे काम आमच्यातली काही मुलं सुट्टीत मजुरीने करतात. फळ हापूसच येणार हे सगळ्यांना माहीत, त्यात प्रश्नच नाही. पण ‘मुळांतून रस वर चढतो, त्याबरोबर रायवळचा थोडा डीएनए पानांत येतो’ याला बऱ्याच जणांनी होकार दिला. आणि ‘हापूसच्या पानातल्या पेशीत फळाच्या रंगाची माहिती नसते’ यालाही. पानात पानाचंच, फळात फळाचंच, असा समज. सगळ्या पेशींत माहिती सगळी असते, वापरली जाते ती वेगवेगळी, हे वाक्य त्यांनी वहीत दहा वेळा लिहिलं असेल. हातात कलमाची काडी आल्यावर ते पहिल्यांदा अडलं, आणि अडलं म्हणूनच त्यावर बोलता आलं.

आता वापराच्या अडचणी. पावसात मोबाइलवरचा फॉर्म विसरा. दोनदा प्रयत्न केला, वीज आणि रेंज दोन्ही गेली. अर्ध्या पानाच्या झेरॉक्सवर आले आणि तिथेच राहिले. एका वर्गाचे कागद वाचायला एक पूर्ण संध्याकाळ जाते, कारण मार्क मोजणं पटकन होतं पण ‘का’ वाचावं लागतं. बरोबर-चूक म्हणजे नुसत्या अंदाजानेही निम्मी बरोबर येणार, म्हणून ‘नक्की/अंदाज’ आवश्यक आहे. पहिल्या महिन्यात मुलं घाबरून सगळीकडे ‘अंदाज’ लिहीत. याचे मार्क अंतर्गत गुणांत धरणार नाही असं सांगितल्यावर ती मोकळी झाली.

भाषेचं मात्र आधी ठरवा. पहिल्या दोन चाचण्या मी इंग्रजीतून दिल्या, कारण परीक्षा इंग्रजीतून होते. त्यात मी जीवशास्त्र तपासतच नव्हते, ‘ओन्ली’ आणि ‘अनलेस’ कुणाला कळतं ते तपासत होते. तीच विधानं मराठीतून दिली तर काहींची उत्तरं उलटी झाली. आता वर इंग्रजी, खाली मराठी, आणि ‘का’ कुठल्याही भाषेत, मालवणीतसुद्धा.

सुरुवातीला एक तयार प्रश्नपेढी विकत घेतली होती, ‘संकल्पनांवर आधारित’ असं छापलेली. आत सगळ्या व्याख्या. पेशीचं ऊर्जाकेंद्र कोणतं, रायबोसोम कुठे असतो. पैसे वाया गेले. नाव माहीत असणं म्हणजे संकल्पना कळणं नव्हे, हे छापणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं.

प्रणाली या पाचव्या संकल्पनेवर मला अजून एकही धड प्रसंग जमलेला नाही. खाडीतल्या कांदळवनावर चार वेळा लिहिला, दर वेळी ती अन्नसाखळीची व्याख्याच होऊन बसली.

आणि एक अपेक्षा ठेवू नका. सेमिस्टरच्या मार्कांत मला फरक दिसला नाही. पेपर ज्या प्रकारचा येतो त्यात ‘व्याख्या लिहा’ लिहिणाऱ्याला मार्क मिळतात, आणि ते आमच्या मुलांना आधीही येत होतं. मार्क वाढवायला ही चाचणी घेणार असाल तर घेऊ नका.

जानेवारीतल्या शेवटच्या चाचणीत विधानं मुलांनाच लिहायला सांगितली. खारातल्या कैरीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने साक्यावर, म्हणजे हापूसच्या गरात पडणाऱ्या स्पंजासारख्या खराब भागावर, हे लिहिलं : ‘साका पडलेल्या आंब्याच्या गरातला डीएनए त्याच झाडावरच्या चांगल्या आंब्याच्या गरापेक्षा वेगळा असतो.’ खाली उत्तर : ‘चूक. नक्की. गर झाडाचाच असतो आणि दोन्ही गर एकाच काडीचे. साका माहितीत नाही, फळ पिकताना पडतो.’ येत्या जूनमध्ये नव्या बॅचला पहिल्या दिवशी तिचंच विधान देणार आहे.