घोडबंदर रोडची नर्सरी: लिंबू, कढीपत्ता घ्यायचा तर इथेच
ठाण्यात कासारवडवलीच्या पुढे जी छोटी नर्सरी आहे तिला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. रोपं महाग, पार्किंगची बोंब, तरी लिंबू किंवा कढीपत्ता घ्यायचा असेल तर मी कुणालाही इथेच पाठवेन.

आपल्या इकडच्या नर्सऱ्यांत आंध्रातल्या कडियमहून टेम्पो भरून रोपं येतात, उतरली की लगेच विक्रीला. इथले दादा तसं करत नाहीत, मागे बारीक जाळीची वेगळी शेड केलीय, नवी खेप आधी तिथे जाते आणि काही आठवडे तिथेच राहते, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी बाहेर काढत नाहीत. मला हवं ते कागदी लिंबाचं कलम समोर दिसत होतं तरी दिलं नाही, "ताई, नवी पालवी फुटू दे, मग कळेल आत काय आहे ते."

मग भिंग हातात देऊन बाजूला काढलेल्या कढीपत्त्याचा शेंडा दाखवला. कोवळी पानं मुरगळलेली, त्यावर पिवळट बारीक पिल्लं आणि त्यांच्या अंगातून निघालेले मेणाचे पांढरे दोरे. हा सिट्रस सायला नावाचा किडा, कढीपत्त्यावरही वाढतो आणि लिंबू-संत्र्यात ग्रीनिंग नावाचा रोग पसरवतो, ज्याला औषधच नाही. रोगट झाडाचा डोळा कलमासाठी दुसऱ्या रोपावर बांधला तरी रोग पुढे जातो. फ्लोरिडात हा रोग 2005 ला सापडला आणि संत्र्याच्या बागांची पार वाट लागली. अमेरिकेत ताजा कढीपत्ता बॅगेतून नेऊ देत नाहीत ते यासाठीच, आणि बरोबरच करतात.

आपल्याकडेही पिकांवरच्या किडी-रोगांचा प्रसार रोखायला 1914 चा कायदा आहे, केळीच्या बंची टॉप या रोगासाठी त्याच कायद्याखाली काही राज्यांतून रोपं बाहेर न्यायला बंदी घातलेली. पण कुंडीतलं रोप कुठून आलं हे ठाण्यात विचारतं कोण? इथून कुणी हौसेने कलम विदर्भात गावी नेलं आणि शेजारीच संत्र्याची बाग असली तर? या दादांकडे वही आहे, कुठली खेप कुठून आली, कधी उतरली, विचारलं की दाखवतात. कृषी खात्याने सगळ्या नर्सऱ्यांना ही वही सक्तीची करावी असं मला मनापासून वाटतं.

अर्धा स्टार कापला कारण होम डिलिव्हरी नाही आणि गुलाब मरगळलेले होते. कलम नंतर मिळालं, दुसरीकडच्या जवळपास दुप्पट भावाने, पण पैसे द्यायला अजिबात जिवावर आलं नाही. जायच्या आधी फोन करा, जाळीतली खेप कधी बाहेर येणार ते सांगतात.